संतोबा मास्तरांची शिवलेली पानं

जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली खरी, पण त्या खिडकीची काच बंदच होत नव्हती. जानेवारीची सकाळ होती. सिंदखेडराजा मागे पडेपर्यंत मी शालीचं टोक दातांत धरून बसले होते. शेजारच्या बाईंच्या मांडीवर तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी होती. त्यांनी माझी दशा पाहिली, काही न विचारता आपली चादर अर्धी माझ्या गुडघ्यांवर ओढली आणि मग विचारलं, "कुठं चालल्या?"

"मेहकरला. आणि तिथून परत दुसरबीडला."

"दुसरबीड त आताच येऊन राह्यलं. मंग पुढं काऊन जाता?" (काऊन म्हणजे कशाला. पुढचे चार दिवस हा शब्द माझ्या कानावर सतत पडणार होता.)

"मेहकरला एक वही बांधायला दिलीय. ती घेऊन यायचंय."

एका वहीसाठी साठी ओलांडलेली बाई प्रवरेच्या काठाहून इकडे आली, हे त्यांना पटलेलं दिसलं नाही. त्यांनी मूठभर शेंगा माझ्या हातात दिल्या आणि दुसरबीडच्या फाट्यावर उतरून गेल्या. चादर अर्थात त्यांच्याबरोबर गेली.

वहीची गोष्ट अशी. मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. निवृत्त झाल्यावर मोडी लिपी शिकले आणि लोकांची जुनी कागदपत्रं वाचून देऊ लागले. नोव्हेंबरात एका मुलीचा फोन आला. तिचं नाव रूथ. मेहकरच्या एका दवाखान्यात ती परिचारिका आहे.

"मॅडम, आमच्या मंडळीची एक जुनी वही आहे," ती म्हणाली. "मोडीत आहे. आमच्यातल्या कोणालाच ती वाचता येत नाही. पण तिच्यात काय लिहिलंय, ते सगळ्यांना माहीत आहे."

हे वाक्य ऐकूनच मी जायचं ठरवलं. वही किडलेली होती, म्हणून रूथने ती आधी मेहकरच्या रशीदचाचा नावाच्या बाइंडरकडे बांधायला दिली.

मंडळी म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती लोक. रूथची मंडळी दुसरबीडपासून आत, माळवाडी नावाच्या वस्तीवर आहे. चौदा घरं. इंग्रजांच्या काळात संतोबा मास्तर नावाचे मिशनच्या शाळेतले एक शिक्षक तिथल्या गोऱ्या मिशनरी साहेबाशी भांडून बाहेर पडले आणि त्यांनी ही वेगळी मंडळी उभी केली. तेव्हापासून ती वेगळीच आहे. तिथे पगारी पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही, वर कोणी बिशप नाही. लोक हात वर करून आपला वडील, म्हणजे मंडळीचा प्रमुख, निवडतात. सध्याचे वडील म्हणजे रूथचे आजोबा, याकोबबुवा.

या मंडळीचा एक कडक नियम आहे. मंडळीबाहेर लग्न केलं की नाव कमी. मग त्या माणसाला प्रभुभोजनाची, म्हणजे उपासनेत येशूच्या आठवणीसाठी सगळ्यांनी वाटून खायची, भाकर नाही, आणि मेल्यावर मंडळीची माणसं मातीला येत नाहीत. रूथला लग्न करायचं होतं लोणारच्या अमोल नावाच्या शिक्षकाशी. अमोल ख्रिस्तीच, पण मोठ्या चर्चचा. ज्या चर्चमधून संतोबा बाहेर पडले, त्याच चर्चचा. आजोबांचं म्हणणं एकच होतं: मास्तरांनी वहीत लिहून ठेवलंय, ते मी कसं मोडू?

मी रूथला आधीच सांगून टाकलं, "बाळ, मीसुद्धा त्याच मोठ्या चर्चची आहे."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही कशाही असल्या तरी या. वाचून तर द्या."

मेहकरच्या स्टँडवर उतरले तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. हातगाडीवर आलूबोंडा खाल्ला. इकडे तो तिखट तर्रीत बुडवून देतात. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या घासाला सर्दी गेली. मग बालाजीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याने विचारत विचारत रशीदचाचांचं दुकान गाठलं.

दुकान म्हणजे एक अरुंद खोली. खळीचा आंबूस वास. एका बाजूला शाळेची हजेरीपत्रकं, दुसऱ्या बाजूला जुन्या पोथ्या आणि कुराणाच्या प्रती, सगळ्या दाबाखाली. रशीदचाचांचं वय सत्तरीच्या पुढचं, बोटांची टोकं मोरचुदानं निळसर झालेली. (कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात.) त्यांनी हात धुतले, पुसले आणि फडक्यात बांधलेली वही माझ्यापुढे ठेवली.

"कसरीनं पार चाळणी केली होती," ते म्हणाले. "पूरी वही उसवली. एकेक पान साफ केलं, नवी शिलाई घातली. पन हे आखरीचे पानं पाहा."

मी पाहिलं. शेवटची आठ पानं तिन्ही बाजूंनी टाके घालून बंद केलेली होती. दोरा जाड, काळपट, मेण लावलेला.

"हे कोणी केलं?"

"मले काय मालूम? दाभणाचे टाके हाय. सुई नाई वापरली."

"तुम्ही उघडून नाही पाहिलं?"

चाचांना माझा प्रश्न आवडला नसावा. "बांधाले देल्ली होती, वाचाले नाई," ते म्हणाले. "ज्याच्या घरच्यानं बंद केलं, त्याच्या घरच्यानंच खोलावं. मी कसरीपुरती बाहेरून दवा लावली, बस."

दुपारी रूथची दवाखान्यातली पाळी संपली. ती आली तशी तिनेही ते टाके बोटांनी चाचपले. ती उंच, सावळी, बोलण्यात घाई असलेली मुलगी.

"आजोबा म्हणायचे, नियम शेवटी लिहिलाय," ती हळूच म्हणाली.

आम्ही परतीची एसटी धरून दुसरबीडला उतरलो आणि तिथून रिक्षाने माळवाडीकडे निघालो. वाटेत एका खड्ड्यात रिक्षा अशी आदळली की माझा चष्मा नाकावरून उडाला आणि माझ्याच पायाखाली आला. काच वाचली, दांडी गेली. मोडी वाचायला निघालेली मी चष्म्याविना आंधळीच. पुन्हा मागे फिरलो. फाट्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एकाने तांब्याच्या तारेने दांडी बांधून दिली आणि वर म्हणाला, "आता हे दांडी तुमच्या संगंच जाईन, मोडत नाई."

माळवाडीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. दोन्ही बाजूंना हरभरा, मध्ये तुरीचे पट्टे, कुठे कुठे वेचायचा राहिलेला कापूस. वस्तीच्या टोकाला कडुनिंबाचं मोठं झाड आणि त्याच्याजवळ मंडळीचं देऊळ. (इथले ख्रिस्ती लोक उपासनेच्या जागेला देऊळच म्हणतात.) पत्र्याचं छप्पर, शेणाने सारवलेली जमीन. आत ना खुर्ची, ना चौथरा. रूथ म्हणाली, सगळे गोल बसतात. बोलणाऱ्याने मध्ये उभं राहायचं आणि झालं की परत आपल्या जागी.

याकोबबुवा ओट्यावर बसले होते. ऐंशी पार केलेला ताठ म्हातारा. एका कानाने ऐकू येत नाही, त्यामुळे मान तिरपी करून ऐकायची सवय. त्यांनी वही दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि मग मला म्हणाले, "तुमी तिकडल्या ना?"

"हो."

"जेवल्या का?"

रूथच्या आईने ज्वारीची भाकरी, ठेचा आणि सोल्यांची आमटी वाढली. सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे. तव्यावर भाजून, पाट्यावर वाटून केलेली ती आमटी मी तीनदा मागून घेतली. याकोबबुवा माझ्या समोर बसून जेवले, पण जेवण होईपर्यंत वहीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळपासून मी ओट्यावर बसून वाचत होते. बुवा बरा कान माझ्याकडे करून बसले होते आणि रूथ देवनागरीत लिहून घेत होती. संतोबांचं अक्षर सुरेख होतं, भाषा साधी.

त्यांची आई दुष्काळात गेली. मिशनच्या लोकांनी त्यांना वाढवलं, शिकवलं, शिक्षक केलं. साहेबावर त्यांचा जीव होता. साहेबाच्या कपाटातली पुस्तकं ते वाचत आणि त्याबद्दल लिहून ठेवत. एका पुस्तकात त्यांना चार शतकांपूर्वीच्या इंग्लंडातले लोक भेटले. राजाच्या चर्चमधून बाहेर पडून स्वतःची मंडळी काढणारे, त्यासाठी तुरुंगात गेलेले. संतोबांनी लिहिलं होतं, की साहेबाच्या देशातल्या लोकांनी जे केलं ते साहेब मोठ्या अभिमानाने सांगतात, मग आम्ही केलं तर त्यांना राग का यावा?

आणि मग सखूबाईची हकीकत आली. दर महिन्याला प्रभुभोजनाआधी साहेब नावं वाचत. ज्यांची नावं वाचली त्यांनाच भाकर. सखूबाई नावाची विधवा आपल्या बहिणीच्या मुलीच्या लग्नाला गेली. बहीण हिंदूच होती. मांडवात अक्षता टाकल्या, जेवली, परत आली. साहेबाने तिचं नाव वाचणं बंद केलं. एक महिना, दोन महिने, सहा महिने. ती दर वेळी येई, दाराबाहेर कडुनिंबाखाली बसे, नाव न ऐकता परत जाई. संतोबांनी साहेबाला दोनदा सांगून पाहिलं. मग एका रविवारी ते आपली भाकर हातात घेऊन उठले, बाहेर गेले, कडुनिंबाखाली बसलेल्या सखूबाईजवळ बसले आणि भाकर मोडून अर्धी तिला दिली. आत बसलेल्यांपैकी अकरा जण उठून त्यांच्यामागे गेले. दुसऱ्या दिवशी मास्तरांची नोकरी गेली, राहतं घर गेलं.

मी वाचायची थांबले. लिहिता लिहिता रूथचा हातही थांबला होता.

"आजोबा," ती म्हणाली, "सखूबाईची भाकर लग्नाला गेली म्हणून बंद झाली होती."

बुवा समोरच्या शेताकडे बघत होते. रूथ पुढे म्हणाली,

"आणि आपण लग्न केलं म्हणून बंद करतो."

"आयकू आलं मले," बुवा म्हणाले. त्यांनी मान वळवली नव्हती. मग त्यांनी मला विचारलं, "पुढं?"

पुढे नियम होते. सात नियम. वडील हात वर करून निवडावा. एकट्याने कोणाचीही भाकर बंद करू नये. वाचता येणाऱ्याने न येणाऱ्याला शिकवावं. असे. लग्नाचा नियम त्यांत नव्हता. नियमांनंतर जात्यावरच्या चालीवर रचलेली काही गाणी होती, आणि मग ते टाके.

मी वही मिटली. बुवांनी त्या काळ्या दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"हे माह्या बापानं शिवलं," ते म्हणाले. "मरताना मले सांगतलं, याकोब, मी शिवलं हाय, तू खोलू नको. काऊन ते नाई सांगतलं. मले वाटे, लग्नाचा नियम त्यातच हाय."

"मग आता?"

"आता माह्या एकट्याच्या हातात काय हाय? उद्या रविवार. मंडळीले विचारू."

रविवारी सकाळी देवळात चाळीसेक माणसं जमली. गाणी झाली, प्रार्थना झाली. मग बुवा मध्ये उभे राहिले आणि बापाचे ते शब्द जसेच्या तसे सांगून म्हणाले, "खोलाचं का नाई, तुमी सांगा."

पहिला उठला तो पौलस. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा शेतकरी. त्याचा रोख सरळ माझ्याकडे होता. "ह्या बाई तिकडल्या हाय. त्या वाचतीन तेच खरं मानाचं का आपुन? आपल्याले त एक अक्षर येत नाई. ह्या काहीबी वाचतीन."

तो चुकीचं बोलत नव्हता. मी जागेवरूनच म्हटलं, "पौलसभाऊ, माझ्यावर विश्वास ठेवू नका. रूथ पानांचे फोटो काढेल. तुम्ही म्हणाल त्या मोडी जाणकाराला पाठवा. माझं एक अक्षर चुकलं तर मी इथे येऊन सगळ्यांपुढे कबूल करीन."

पौलस खाली बसला. बुवांनी हात वर करायला सांगितले. मी मोजले नाहीत, पण वर गेलेले हात जास्त होते हे सहज दिसत होतं. पौलसचा हात मांडीवरच होता.

बुवांनी खिशातून दाढीचं ब्लेड काढलं. रूथ पुढे झाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. एकेक टाका त्यांनी स्वतः कापला आणि दोऱ्याचे तुकडे वेचून खिशात ठेवले. मग वही माझ्या हातात दिली.

मी मध्ये उभी राहिले. ही पानं उजेडापासून दूर राहिल्याने बाकीच्या वहीपेक्षा पांढरी होती. मोडी वाचणाऱ्याची एक खोड असते, मोठ्याने वाचायच्या आधी डोळे दोन ओळी पुढे धावतात. माझे धावले. आणि मी गप्प झाले.

संतोबा मास्तर परत गेले होते.

लहानपणापासून जी माणसं "मास्तर मेले पण झुकले नाही" असं ऐकत वाढली होती, ती माझ्याकडे बघत होती. मी त्याच चर्चची, ज्याच्याकडे ते परत गेले. मी हे वाचलं तर काय वाटेल यांना? नाही वाचलं तर? चार ओळी गाळून पुढचं वाचलं असतं तर त्या क्षणी कोणाला कळलं नसतं. तो विचार माझ्या मनात आला, हे मी इथे लपवत नाही. रूथ माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. तिला काहीतरी कळलं होतं.

"काऊन थांबल्या?" बुवांनी विचारलं.

"बुवा, हे ऐकायला अवघड आहे."

"वाचा," ते म्हणाले. "शिवलेलं होतं तवाच मले समजलं होतं, सोपं नसन."

मी वाचलं. संतोबांनी लिहिलं होतं, की मंडळी वाढली तशी भांडणं वाढली. वडील कोण यावरून तीन गट पडले. ज्यांना साहेबाचं नावं वाचणं सहन झालं नाही, तेच आता एकमेकांची नावं वगळू लागले. त्यात त्यांची बायको अंथरुणाला खिळली आणि औषध मिशनच्या दवाखान्यातच होतं. ते थकले होते. ते साहेबाकडे गेले, कागदावर सही केली, दूरच्या गावी शिक्षकाची नोकरी घेतली. कडुनिंबाखाली जे केलं ते चूक होतं का, असं साहेबाने विचारलं तेव्हा ते गप्प राहिले. सहीपेक्षा ते गप्प राहणंच आपल्याला जास्त खुपतं, असं त्यांनी लिहिलं होतं. वही ते मंडळीकडे परत पाठवत होते, आणि शेवटची ओळ मंडळीसाठी होती.

"कोणाची वाट पाहू नका असे मी तुम्हांस शिकविले. आता माझीही पाहू नका. तिकडून जो येईल आणि इकडून जो जाईल, त्यास एवढेच विचारा, भूक आहे काय."

बाहेर शेळी ओरडत होती.

"म्हंजे पळून गेला," पौलस म्हणाला. "आपुन इतके वर्स त्याच्या नावानं राह्यलो, आन् तो पळून गेला."

तो उठून दारापर्यंत गेला आणि पाठ करून तिथेच उभा राहिला. एकदोघांनी डोळे पुसले. तेवढ्यात कोपऱ्यातून मार्थाबाई बोलल्या. वस्तीवरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाई, याकोबबुवांपेक्षाही मोठ्या.

"गेला त गेला," त्या म्हणाल्या. "बायको बिमार होती त्याची. आपुन त नाई ना गेलो? आपुन हाव ना इथं?"

एवढं बोलून त्यांनी पदर सारखा केला, जणू विषय संपला. कोणीतरी हसलं. मग आणखी एक जण हसला. त्या हसण्यात पुष्कळसं रडणं होतं, पण खोलीतली हवा हलली.

याकोबबुवा उठले. "माह्या बापाले वाटलं असन, हे आयकलं त मंडळी फुटन. म्हणून त्यानं शिवून ठेवलं. त्याचा मास्तरवर भरोसा होता, तुमच्यावर नाई ठेवला. मीबी नाई ठेवला." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, लग्नाचा नियम कुठं हाय?"

"कुठेच नाही, बुवा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कुठेच नाही."

"मंग तो आमीच केला. आमी केला, त आमीच मोडू. हात करा वर."

या वेळी बहुतेक सगळे हात वर गेले. रूथने स्वतःचा हात वर केला नाही. ती ओंजळीत तोंड धरून बसली होती. पौलसने वळून पाहिलं, हात मात्र वर केला नाही. पण तो निघूनही गेला नाही.

त्यानंतर प्रभुभोजन झालं. इथे पाव नसतो, ज्वारीची भाकरी असते. ती हातोहात फिरते, प्रत्येक जण मोडून पुढच्याला देतो. मी थोडी मागे सरकून बसले, कारण ही भाकर माझी नाही असं मला वाटत होतं. भाकरी फिरत फिरत दाराशी पौलसकडे गेली. त्याने तुकडा घेतला, राहिलेली भाकरी हातात धरून क्षणभर उभा राहिला आणि मग सगळी खोली ओलांडून माझ्यापुढे येऊन बसला.

"भूक हाय का?" त्याने विचारलं. चेहरा अजून रागावलेलाच होता.

"आहे," मी म्हणाले.

त्याने भाकरी पुढे केली.

सोमवारी मला लोणार बघून परत फिरायचं होतं. सकाळी पिशवी घेऊन बाहेर आले, तर याकोबबुवा धुतलेलं धोतर नेसून, काठी घेऊन तयार. रूथही होती.

"लोणारले मीबी येतो," ते म्हणाले. "पोरगं पाहाचं हाय."

सुलतानपूरला एसटी बदलून आम्ही लोणारला पोचलो. अमोल स्टँडवर आला होता. सडपातळ, चष्मा लावणारा मुलगा. बुवांना पाहून इतका गडबडला की नमस्कार आधी मला केला. त्याने आम्हाला सरोवराच्या काठावर नेलं. उल्केच्या आघाताने पडलेलं ते प्रचंड विवर मी चित्रात पाहिलं होतं, पण काठावर उभं राहिल्यावर पाय जागीच थबकले. खाली उतारभर दाट झाडी, मोरांचे आवाज, आणि तळाशी हिरवट, संथ पाणी. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले.

बुवांचं लक्ष मात्र पाण्याकडे नव्हतं. "आंधी खाली केळीचे बाग होते," ते अमोलला म्हणाले. "इथचे केळं मी बजारातून नेत होतो. लई गोड. आता नाई करत का?"

"आता तिथे शेती करत नाहीत, आजोबा."

"हं." मग एकदम, काठीवर दोन्ही हात ठेवून त्यांनी विचारलं, "लग्नानंतर पोरगी कोनच्या देवळात जाईन? तुमच्या का आमच्या?"

रूथने माझा हात घट्ट धरला.

अमोलने चष्मा काढून पुसला. "एक रविवार इकडे, एक रविवार माळवाडीला," तो म्हणाला. "म्हणजे, सकाळची एसटी मिळाली तर."

"आन् नाई मिळाली त?"

"तर मोटरसायकलवर येऊ. पण आजोबा, भाकरी ठेवा आमच्यासाठी. आम्ही पोहोचेपर्यंत संपवू नका."

मान तिरपी करून ऐकणारे बुवा खोल घशातून हसले. मी आल्यापासून पहिल्यांदाच. दुपारी अमोलच्या आईने घरी जेवायला वाढलं. ताटं मांडल्यावर तिने बुवांना प्रार्थना करायला सांगितली. बुवा उठून उभे राहिले. त्यांनी प्रार्थना इतकी लांबवली की रस्सा गार झाला. तीत रूथचं नाव होतं, अमोलचं होतं, पौलसचं होतं. त्यांच्या बापाचं होतं. शेवटी संतोबा मास्तरांचं होतं. मग म्हणाले, "तो थकला होता, प्रभू. त्याले आराम दे."

परतीच्या प्रवासात मला खिडकी मिळाली नाही, पण मधल्या जागेवर दोन्ही बाजूंनी ऊब होती. सुलतानपूर, दुसरबीड, सिंदखेडराजा उलट्या क्रमाने मागे गेले. मी विचार करत होते. वेगळं होणाऱ्यांबद्दल आमच्या घरी नेहमी एका सुरात बोललं जाई. ते हट्टी, ते फुटीर. मी त्यांच्यात चार दिवस राहून आले होते. हट्टी ते होतेच. पण एका बाईची भाकर अडली म्हणून बारा माणसं उठून बाहेर गेली होती, आणि आमच्याकडचे बाकीचे सगळे आत बसून राहिले होते. ते बसून राहिलेले माझे पूर्वज. संतोबा परत आले म्हणून साहेब बरोबर ठरत नाही, आणि ते परत गेले म्हणून कडुनिंबाखालची ती अर्धी भाकर खोटी ठरत नाही. एवढं मला त्या एसटीत स्पष्ट कळलं.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मी आमच्या पाळकांना थांबवून हे सगळं सांगितलं. ते तरुण आहेत, नुकतेच आमच्याकडे आलेले. ते ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "संतोबांनी सही केलेला कागद आपल्याकडे असेल का?" मिशनचे जुने कागद ठेवलेलं मागच्या खोलीतलं कपाट आम्ही दोघांनी उघडलं. दोन तास धूळ झटकत बसलो. बाप्तिस्म्यांची पुस्तकं निघाली, वाळवी लागलेली गीतांची पुस्तकं निघाली, एक मेलेली पाल निघाली. तो कागद निघाला नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं.

"त्यांना परत यायचंय का आपल्यात?" पाळकांनी विचारलं.

"नाही. ते आहेत तिथे बरे आहेत. पण आपल्यापैकी कोणी गेलं तर जेवायला बोलावतील."

ते हात झटकत उभे राहिले. सदऱ्यावर धुळीचे पट्टे उमटले होते.

"मग फोन लावा त्यांना," ते म्हणाले. "विचारा, कधी येऊ?"